कात्रीची धार

शिवणकाम चालणाऱ्या घरांत एक अलिखित नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. कापडाची कात्री वेगळी असते, तिची जागा वेगळी असते, आणि तिने कागद कापावयाचा नसतो. पतंगासाठी किंवा वहीच्या वेष्टणासाठी एखाद्या मुलाने ती उचललीच, तर घरातील अत्यंत सौम्य प्रकृतीच्या स्त्रीचाही आवाज चढतो. मुलाला त्या रागाचे मर्म उमगत नाही. कागद का लोखंडाहून कठीण आहे, असे त्याला वाटते. वाटणे स्वाभाविक असले तरी ते चुकीचे आहे. गुळगुळीत कागदात पांढरी माती, खडू यांसारख्या खनिजांची पूड मिसळलेली असते, आणि अशी पूड पोलादाच्या बारीक कडेला हळूहळू खात जाते. कापडाच्या कात्रीला रेशमाच्या एका धाग्यावर अडखळण्याइतकी इजा व्हावयास एवढे कारण पुरते. तेव्हा त्या रागाच्या मुळाशी कृपणपणा नसतो. असते ती एक जुनी जाण. धार ही विकत घेऊन कायमची आपली होणारी वस्तू नव्हे. ती राखावी लागते, गेली तर कोणाच्या तरी हातून परत मिळवावी लागते. त्या हातांचा इतिहास मोठा आहे, आणि तो सर्वस्वी सुखाचा नाही.

प्रथम कात्री कापते कशी हे पाहिले पाहिजे. सुरी एकटी कापते. कात्रीच्या एका पात्याला मात्र दुसऱ्यावाचून काहीच करता येत नाही. उत्तम कात्री मिटवून उजेडासमोर धरली असता दोन पात्यांच्या मधे खिळ्यापासून टोकापर्यंत एक बारीक फट दिसते. टोकाशी तेवढी ती एकमेकांना टेकलेली असतात. हा घडविणाऱ्याचा दोष नसून त्याचे कौशल्य होय. प्रत्येक पाते लांबीत किंचित बाकदार असते आणि त्याची आतली बाजू किंचित खोलगट घासलेली असते. त्यामुळे कात्री मिटू लागली म्हणजे दोन्ही धारा कोणत्याही क्षणी एकाच बिंदूत भेटतात, आणि तो बिंदू खिळ्याजवळून निघून टोकापर्यंत सरकत जातो. कापड कापले जाते ते त्या सरकत्या बिंदूत. हा बाक गेला, किंवा खिळा सैल झाला, की पाती एकमेकांपासून दूर होतात आणि कापड कापले जाण्याऐवजी त्यांच्या मधे दुमडून बसते. मग पाते वस्तऱ्यासारखे धारदार असले तरी त्याचा उपयोग नाही. कात्रीची धार एका पात्यात नसते. ती दोन पात्यांच्या सख्यात असते.

कात्रीचे सर्वांत जुने रूप याहून साधे होते. पोलादाची एकच पट्टी मधोमध वाकवून तिच्या दोन टोकांना पाती घडवीत. मुठीत दाबली की मिटावयाची आणि सोडली की आपोआप उघडावयाची. रोमन लोकांना हा प्रकार परिचित होता, आणि मेंढ्यांची लोकर कातरण्यासाठी तो आजतागायत जगभर टिकून आहे. मधे खिळा मारून जोडलेली दोन पात्यांची कात्रीही रोमन काळात होतीच. परंतु ती घरोघरी पोहोचण्यास फार काळ जावा लागला. कारण तिच्यासाठी पोलाद एकजिनसी हवे, धार एकसारखी हवी आणि जुळणी अचूक हवी. या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या त्या इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील शेफील्ड या गावी.

शेफील्डला निसर्गाने दोन देणग्या दिल्या होत्या. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सले आणि रिव्हेलिन या पाच नद्या तेथील डोंगरांतून उतारावर वेगाने वाहतात. आणि आसपासच्या खाणींत धार लावण्यास योग्य असा वाळूचा दगड मुबलक मिळतो. नद्यांवर ठिकठिकाणी बांध घालून पाणचक्क्या बसविल्या गेल्या, आणि त्या चक्क्यांवर दगडाची मोठमोठी चाके फिरू लागली. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथील कारागिरांचा संघ स्थापन झाला. सुऱ्या, कोयते आणि कात्र्या करणारे सर्व त्याच्या अधिकाराखाली आले. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने, घड्याळाच्या कमानींसाठी निर्दोष पोलाद मिळत नाही म्हणून, बंद मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धती शोधून काढली. या ओतीव पोलादाची कात्री प्रथम १७६१ साली शेफील्डच्या रॉबर्ट हिंचलिफने केली असे मानण्यात येते. घड्याळाच्या कमानीसाठी केलेल्या खटपटीचे फळ अशा रीतीने शिंप्याच्या हाती आले.

एक कात्री तयार होण्यास तेथे मुख्यतः तीन प्रकारचे कारागीर लागत. लोहार पाते घडवी आणि त्याला पाणी देऊन कठीण करी. दगडावर बसणारा घाशा त्याला आकार आणि धार देई. शेवटी जुळणी करणारा दोन पाती एकत्र आणून त्यांची कात्री करी. या तिघांपैकी घाशाचे जीवन सर्वांत बिकट होते.

घाशा आपल्या दगडासमोर लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्याप्रमाणे दोन्ही बाजूंस पाय टाकून बसे, कोपरे गुडघ्यांवर टेकी आणि फिरत्या दगडावर ओणवा होऊन पाते दाबून धरी. त्याचे तोंड दगडापासून थोड्याच अंतरावर असे. काही कामे दगड पाण्यात भिजता ठेवून होत. काहींना दगड कोरडा लागे. कोरड्या दगडावरून दगडाची आणि पोलादाची पूड धुरासारखी उडे आणि ती सरळ त्याच्या श्वासाबरोबर आत जाई. क्वचित एखादा दगड वेगात फुटे आणि त्याखाली माणूस जागच्या जागी ठार होई. तथापि फुटणाऱ्या दगडापेक्षा न फुटणाऱ्या दगडाने अधिक माणसे मारली. घाशांना दम लागे, खोकला जडे, अंग वाळत जाई. गावात या व्याधीला घाशांचा दमा असेच नाव पडले होते.

१८३० च्या सुमारास शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांनी या लोकांच्या आयुर्मर्यादेचा हिशेब मांडला, आणि पुढे फ्रीड्रिख एंगल्सने १८४५ सालच्या आपल्या इंग्रज कामगारांवरील ग्रंथात तो उद्‌धृत केल्यामुळे तो जगाला माहीत झाला. गावात त्या वेळी सुमारे अडीच हजार घाशे होते. जेवणाचे काटे कोरड्या दगडावर घासणारे दीडशे जण होते, त्यांत सत्तर तर मुलगेच. हे लोक २८ ते ३२ या वयात मरत. वस्तऱ्यांचे काम ओल्या व कोरड्या अशा दोन्ही दगडांवर चाले. ते करणारे ४० ते ४५ पर्यंत पोहोचत. केवळ ओल्या दगडावर सुऱ्या घासणारे ४० ते ५० च्या दरम्यान जात. कात्रीचे कामही वस्तऱ्याप्रमाणे मिश्र पद्धतीचे होते. म्हणजे लंडनच्या एखाद्या शिंप्याच्या मेजावर पन्नास वर्षे टिकणारी कात्री ज्याच्या हातून धार घेऊन निघाली, तो माणूस तितकी वर्षे बहुधा जगत नसे. त्या हिशेबातील आणखी एक नोंद विलक्षण आहे. या लोकांत जे अधिक मद्यपी होते तेच अधिक जगत. कारण ते वारंवार कामावर गैरहजर राहत.

यावर उपाय सुचला नव्हता असे नाही. १८२० च्या सुमारास अब्राहम नावाच्या शेफील्डच्याच एका गृहस्थाने लोहचुंबकाची योजना करून पोलादाची पूड तोंडाशी येण्यापूर्वीच ओढून घेण्याचे साधन तयार केले. हवा बाहेर खेचणारे पंखेही पुढे निघाले. परंतु ज्यांच्यासाठी ही साधने होती त्यांनीच ती दूर सारली. घाशांचे म्हणणे असे की, आयुष्य वाढले तर धंद्यात माणसे वाढतील, आणि माणसे वाढली म्हणजे मजुरी उतरेल. अल्प आयुष्य आणि चांगली कमाई हा सौदा त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता. हा युक्तिवाद ऐकून आज कोणालाही अंगावर काटा आल्यावाचून राहणार नाही. तरीही त्याला मूर्खपणा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या माणसाजवळ विकण्यास श्वासाखेरीज दुसरे काही नाही, तो श्वासाचाच भाव राखू पाहतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्यानेच हवा खेळती ठेवण्याची सक्ती हळूहळू आली.

खरी सुटका दुसऱ्याच दिशेने झाली. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन हा संशोधक विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरे करू पाहत होता. हिरे मिळाले नाहीत. मिळाला कार्बोरंडम, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल कठीण असा एक पदार्थ. त्याची आणि अशाच अन्य कृत्रिम पदार्थांची चाके विसाव्या शतकात वाळूच्या दगडाची जागा घेऊ लागली. या चाकांत वाळूच्या दगडातील प्राणघातक सिलिका नव्हती. पाणचक्कीवरचे दगड एकामागून एक थांबले. पोर्टर नदीवरील शेफर्ड व्हील नावाची घाशांची शाळा मात्र संग्रहालय म्हणून जतन करण्यात आली असून, पाणचक्की, दगड आणि घोड्यासारख्या त्या बैठकी तेथे आजही पाहावयास मिळतात.

तिसरा कारागीर जुळणी करणारा. त्याला शेफील्डच्या बोलीत ‘पटर’ म्हणतात, म्हणजे दोन पाती एकत्र ठेवणारा. त्याची साधने थोडी: हातोडा, ऐरणीसारखा लोखंडी ठोकळा, कानस आणि कान. तो पात्यावर हलके ठोके मारून त्याला योग्य तेवढा बाक देतो, पाती जोडतो, उघडझाप करून पाहतो, पुन्हा काढतो, पुन्हा ठोकतो. कात्री मिटताना होणारा आवाज खिळ्यापासून टोकापर्यंत एकसारखा आला पाहिजे. मधे कोठे खरखर झाली की तेथे पाती अधिक घासत आहेत असे तो ओळखतो. हे काम अंगवळणी पडण्यास पाच वर्षे लागतात असे तेथील जाणते सांगतात. १९०२ साली सुरू झालेल्या अर्नेस्ट राइट या कारखान्यातील अशा एका वृद्ध कारागिराच्या कामावर २०१४ साली ‘द पटर’ नावाचा लहानसा चित्रपट निघाला, आणि शब्दांवाचून केवळ हातोड्याच्या ठोक्यांनी त्याने जगभरच्या प्रेक्षकांना खिळवून ठेवले. तरीही कौतुकाने पेढी चालतेच असे नाही. २०१८ साली तो कारखाना बंद पडण्याच्या बेतात आला. नव्या चालकांनी तो घेतला आणि जुन्या जाणत्यांना परत बोलावून तरुणांना शिकवावयास बसविले, म्हणून ती विद्या राहिली. एका शहराने शेकडो वर्षे जोपासलेले ज्ञान अखेर दोनचार माणसांच्या मनगटांत उरले होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

याच कामाकडे पूर्वेकडील काही कारागीर अगदी निराळ्या वाटेने आले. जपानात जुनी कात्री होती ती मुठीत दाबावयाची, एकाच पट्टीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्त्य पेहराव आला, जाड लोकरी कापड आले आणि त्याबरोबर परदेशी शिंप्यांची अवजड कात्रीही आली. १८७६ साली जपानी सरकारने सामान्य लोकांस तलवार बाळगून फिरण्यास मनाई केली. तलवारी घडविणाऱ्यांचा धंदा बसला. पात्याला पाणी कसे द्यावे, मऊ लोखंडाला कठीण पोलादाची कडा कशी जोडावी, हे ज्यांना पिढीजात अवगत होते, त्यांच्यापैकी कित्येक चाकू, सुऱ्या, कात्र्या यांकडे वळले. टोकियोचे योशिदा याजुरो यांनी परदेशी कात्री जपानी हाताला झेपेल अशी हलकी आणि आटोपशीर केली. जपानी शिंप्याच्या कात्रीचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. या पद्धतीच्या कात्रीचे अंग मऊ लोखंडाचे आणि केवळ कड पोलादाची. अंग मऊ असल्याने पुढे पुन्हा धार लावताना आणि बाक सुधारताना पाते कारागिराचे ऐकते. दुरुस्तीचा विचार येथे घडणीच्या वेळीच केलेला असतो.

हिंदुस्थानातही जवळजवळ त्याच सुमारास असेच घडले. संस्थानी फौजा मोडल्या होत्या, आणि १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याने उरल्यासुरल्या तलवारी भिंतीवरून उतरल्या. महाराष्ट्रात शस्त्रे उजळून त्यांना धार लावणारे लोक शिकलगार म्हणून ओळखले जात. उजळणे, झिलई देणे या अर्थाचा अरबी शब्द त्या नावाच्या मुळाशी आहे. तलवार गेली तेव्हा त्यांचे कसब सुरी, अडकित्ता, वस्तरा आणि कात्री यांवर चालू लागले. पुणे-मुंबईच्या गल्ल्यांतून पायाने चाक फिरवीत, ठिणग्या उडवीत जाणारा धारवाला हा त्या परंपरेचाच दूरचा वारस होय. सायकल उभी करून तिच्याच पायट्याने दगड फिरविण्याची त्याची युक्ती नवी असली, तरी पाते दगडावर किती तिरपे धरावे हे ज्ञान जुने आहे.

उत्तर हिंदुस्थानात मेरठ शहराने तर कात्रीलाच आपली ओळख बनविले. तेथील परंपरेप्रमाणे सतराव्या शतकाच्या मध्यावर एका कारागिराने दोन तलवारी जोडून चामडे कापण्यासाठी पहिली कात्री केली. कथा असो वा इतिहास, तिच्यात मेरठच्या धंद्याचे सार आले आहे. कारण हा धंदा आजही जुन्या वस्तूतूनच नवी वस्तू काढतो. मोटारी, मालट्रक आणि आगगाड्या यांच्या मोडीतील पोलाद विकत घेऊन त्याची पाती घडवितात, आणि मोडक्या भांड्यांचा धातू वितळवून मुठी ओततात. यात केवळ काटकसर नाही. गाडीच्या कमानीचे पोलाद मुळातच चिवट असून ते पाणी चांगले धरते; कात्रीला हवे असते ते नेमके हेच. ज्या पट्टीने वर्षानुवर्षे रस्त्यावरचे धक्के सोसले, ती एखाद्या शिंप्याच्या हातात दुसरा जन्म घेते. मेरठच्या कात्रीविषयी तेथे एक म्हण आहे: ‘दादा ले, पोता बरते’. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, असा तिचा अर्थ. २०१३ साली या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या म्हणीचीही आठवण पुष्कळांना झाली.

आजोबाची कात्री नातवापर्यंत जाते ती ती झिजत नाही म्हणून नव्हे, तर झिजल्यावर पुन्हा उभी करता येते म्हणून. जाड पात्याला अनेक वेळा धार लावता येते. प्रत्येक वेळी थोडे पोलाद जाते आणि पाते किंचित अरुंद होते. खिळा स्क्रूचा असल्याने पाती सुटी करता येतात. जी कात्री आता सुटावर चालत नाही, ती कागदी नमुने कापण्यास आणि शिवण उसवण्यास ठेवली जाते. वृद्ध माणसाला जड काम न देता दारापाशी बसवावे, तशी तिची व्यवस्था लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवस्थेला तडा गेला. १९६७ साली फिनलंडमधील फिस्कार्स या कारखान्याने नारिंगी प्लास्टिकच्या मुठीची हलकी कात्री बाजारात आणली, आणि जड घडीव कात्रीला एक सुटसुटीत पर्याय मिळाला. ती वस्तू स्वतः चांगलीच होती. परंतु तिच्या मागोमाग तिच्या नकला अल्प मोलाने सर्व जगात पसरल्या. पत्र्यातून ठोकून काढलेली पातळ पाती, आणि स्क्रूच्या जागी एकदाच दाबून बसविलेला रिवेट. अशी कात्री उघडता येत नाही, आवळता येत नाही, आणि धार लावावयाची तर धारवाल्याची मजुरी कात्रीच्या किमतीच्या जवळ जाते. मग माणूस ती टाकून देतो आणि नवी घेतो. यात त्याचा दोष काढता येणार नाही. हिशेब त्याच्या बाजूचा आहे. पण गिऱ्हाईक कमी झाले म्हणजे धारवाल्याची फेरी कमी होते. फेरी कमी झाली की त्याचा मुलगा दुसऱ्या कामास लागतो. आणि ज्या थोड्या घरांत चांगली कात्री उरली आहे त्यांनाही ती कोणाकडे द्यावी हे कळेनासे होते. धार लावणारा नाहीसा होतो तो असा, कोणी न घालविता.

त्यातही चांगल्या कात्रीचे सर्वांत मोठे नुकसान न वापरल्याने होत नाही, तर अजाण हाताने धार लावल्याने होते. चाकूची सवय असलेला माणूस पात्याच्या दोन्ही अंगांना दगड लावतो. कात्रीच्या बाबतीत हे प्राणघातक आहे. आतल्या बाजूचा खोलगटपणा घासून सपाट झाला की दोन धारांची भेट चुकू लागते, आणि तो आकार परत आणणे कुशल कारागिरालाही कठीण जाते. म्हणून धार लावावयाची ती केवळ बाहेरच्या तिरप्या कडेला, मूळचा कोन राखून, खिळ्याकडून टोकाकडे एकसारख्या हाताने. दगड लावताना पाते तापून निळे पडता कामा नये; निळे पडले म्हणजे पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. आतल्या बाजूस लोखंडाची बारीक किनार वळून आली असेल तेवढीच सपाट निसण्यावर अलगद काढावी. खरखरीत कागद किंवा पातळ पत्रा कापला की कात्रीला धार येते अशी एक समजूत घरोघर आहे. त्याने कडेवरची किनार क्षणभर सरळ होते आणि कात्री बरी चालल्याचा भास होतो. धार येत नाही.

धार लावून आलेली कात्री तपासण्याची जुन्या शिंप्यांची रीत साधी आहे. एक मूठ हातात धरून पाती काटकोनात उघडावी आणि दुसरे पाते सोडून द्यावे. ते धाडकन आदळले तर खिळा सैल आहे. जागचे हललेच नाही तर तो घट्ट आहे. आपल्या वजनाने सावकाश खाली येऊन मिटण्याआधी थांबले तर जुळणी योग्य आहे. मग ओलसर, पातळ कापडाच्या काठावर केवळ टोकाने कापून पाहावे, कारण कात्रीची लबाडी टोकाशी उघडी पडते. रोजच्या राखणीला फारसे काही लागत नाही. काम संपल्यावर पात्यांवरील तंतू कोरड्या फडक्याने पुसावेत, कारण कापसाचा तंतू हवेतील ओल धरतो आणि त्याखाली गंज चढतो. खिळ्यावर यंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा आणि जादा तेल पुसून टाकावे. टाचणीवरून कात्री चालवू नये. हातून ती फरशीवर पडली, तर वापरण्यापूर्वी पात्यांचा बाक पाहावा. पडल्याने धारेपेक्षा जुळणी अधिक बिघडते.

हे नियम कोणा एकाने बसून लिहिलेले नाहीत. पोर्टर नदीच्या काठी ओणवा बसलेला घाशा, मिटत्या पात्यांचा आवाज ऐकणारा पटर, तलवार खाली ठेवून कात्री हाती घेणारा टोकियोचा लोहार, मोडक्या कमानीत पाते पाहणारा मेरठचा कारागीर आणि गल्लीतून हाक देत जाणारा शिकलगार, या सर्वांच्या हातांतून ते गाळून आले आहेत. त्यांपैकी काहींनी त्यासाठी जबर किंमत मोजली. घरातील स्त्रीला ही नावे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पुठ्ठा कापू पाहणाऱ्या मुलाच्या हातून ती कात्री काढून घेते, पाती पदराने पुसते आणि परत खणात ठेवते, तेव्हा या माणसांच्या कामाचा शेवटचा भाग तीच पुरा करीत असते. मुलाला त्या वेळी कागदाची दुसरी कात्री काढून द्यावी, आणि सवड असेल तर ही का नको तेही सांगावे.